बेचकी, हातोडी आणि भिंगाताई

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. माझा पावणेपाचला. आमची घरं गल्लीत समोरासमोर, त्यामुळे मी उठायचो तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसायचा. पाणी तापवणं, सासूबाईंचा चहा, दोन डबे. पाचपर्यंत हे उरकायचं. मग ती खिडकीपाशी उभी राहून भिंगातून काहीतरी बघायची. कधी पान, कधी पावाचा तुकडा, कधी भिंतीचा सुटलेला रंग. साडेपाचला आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाशी भेटायचो आणि सहाच्या भोंग्याला फरशीच्या कारखान्यात हजर असायचो. तिचा नवरा ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी. 

भिंगामुळे तिला सगळे भिंगाताई म्हणायचे. चेष्टेत पडलेलं नाव. पुढे मालकीणबाईसुद्धा तेच म्हणू लागल्या.

मी करवतीवर होतो, एकतीस वर्षं. ती पॉलिशवर. दगडाचा ठोकळा माझ्याकडे यायचा, मी त्याच्या सव्वा इंच जाडीच्या फरश्या पाडायचो, त्या तिच्याकडे जायच्या. पॉलिश म्हणजे नऊ तास पाण्यात उभं राहून अठरा किलोचं मशीन दगडावर फिरवणं. ढकलायचं नाही, दाबायचं नाही, फक्त सपाट ठेवायचं. सपाट ठेवणं हेच सगळ्यात जड. चांगला माणूस दिवसाला वीस फरश्या काढतो. ती बावीस काढायची. मी मोजल्या आहेत.

मोजल्या, कारण सुरुवातीला ती मला कामचुकार वाटली होती.

पॉलिशच्या पाण्याबरोबर दगडाची पिठासारखी पूड वाहत जाऊन मागच्या हौदात साचायची. एक हौद भरला की पाणी दुसऱ्यात सोडायचे आणि पहिला वाळू द्यायचे. एके दिवशी ती त्या वाळत्या हौदाच्या काठावर उकिडवी बसलेली. तिची ढकलगाडी वाटेत आडवी. माझ्या गाडीवर चार फरश्या, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास.

"ताई, गाडी काढा. माझी आठ मिनिटं गेली."

"दादा, एक मिनिट इकडे या."

"आठ दिली की! आता एक कशाला?"

"नऊ होतील. त्यात काय?"

मी गेलो, ते खरं म्हणजे बोलायला. पण तिने काडेपेटीचं रिकामं टरफल माझ्या डोळ्याला लावलं. "एक डोळा मिटा. काय दिसतंय?"

"गाळ. तडे गेलेला गाळ."

"आता खाली वाका. अजून. नाक लावा जवळजवळ. आता?"

मी वाकलो. तळहाताएवढ्या चकत्या होत्या, त्यांच्यातल्या एका चकतीवर नखाएवढे तडे होते. टरफलातून चित्र तेच. आडव्या रेघेवर उभी रेघ येऊन थांबलेली, तिच्यावर तिसरी. मी पुन्हा उभा राहिलो. तेच. पुन्हा वाकलो. तेच!

"आत्ता तुम्ही जवळ आहात की लांब, हे नुसत्या चित्रावरून सांगता येईल?"

"नाही."

"मग हे आत," असं म्हणून तिने कमरेची वही काढली, दोन शब्द लिहिले आणि गाडी बाजूला घेतली. माझी अकरा मिनिटं गेली होती. करवतीपर्यंत पस्तीस पावलं. तेवढ्यात मी तीन वेळा मागे वळून त्या हौदाकडे बघितलं.

त्या दिवसापासून माझीही खोड सुरू झाली. 

तिची वही मी पुढे पुष्कळदा पाहिली. शंभर पानी, कोपरे ओले होऊन फुगलेले. तिने जगातल्या आकारांची वाटणी केली होती. नियम एकच: तुकडा काढून जवळ धरला तर तो अख्ख्या वस्तूसारखा दिसला पाहिजे. दिसला तर आत, नाही तर बाहेर. आतल्यांचे प्रकार पाच. फाटे, म्हणजे झाड, पानाची शीर, मूळ, आकाशातली वीज. तडे, म्हणजे वाळका गाळ, झाडाची साल, जुन्या कपबशीवरचं जाळं. गड्डे, म्हणजे फ्लॉवर आणि ढग. काठ, म्हणजे गंजाच्या डागाची कड, फाटलेल्या कागदाची कड, दगडावर चढलेल्या शेवाळाची कड. आणि भोकं: पाव, स्पंज, भट्टीतून जळून निघालेली वीट. मोठ्या भोकांच्या भिंतीत लहान भोकं, त्यांच्या भिंतीत अजून लहान.

प्रत्येकापुढे आकडा. किती वेळा लहान होत गेलं तरी रूप टिकतं, त्याचा. फ्लॉवर चार. साल तीन. नेच्याचं पान तीन, आणि भिंगाने पाहिलं तर साडेतीन. हे "साडे" कुठून आलं, मी विचारलं. म्हणाली, "चौथ्या वेळी अर्धीच पानं नीट येतात. खोटं कशाला लिहू?"

सगळ्यात मोठं पान मात्र "बाहेर"चं होतं. मधमाशीचं पोळं बाहेर. "एक खोली बघितली की सगळ्या बघितल्या. पण खोलीच्या आत पोळं नाही." कांदा बाहेर. कोळ्याचं जाळं बाहेर. गोगलगायीच्या शंखावरून आमचं आठवडाभर भांडण झालं. मी म्हणत होतो, आतलं वळण बाहेरच्या वळणासारखंच आहे, फक्त लहान, मग घ्या की आत! शेवटी तिने हातोडीने एक रिकामा शंख फोडला आणि एक कपची माझ्या हातावर ठेवली. "दिसतोय यात शंख?" दिसत नव्हता. नुसती वाकडी कपची होती. मी हरलो. हरून मला इतका आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता.

घरी सासूबाई होत्या. सत्तरीच्या, जीभ धारदार. एका रविवारी मी पाना परत द्यायला गेलो तर सुनेने विळीवरून फ्लॉवरचा गड्डा उचलून घेतलेला आणि म्हातारी विळीवर तशीच बसलेली.

"अहो, चिरू नका, थांबा. या तुऱ्यातला तुरा बघा. त्यातला बघा. अहो, बघा तरी!"

"बघितला. आता भाजी करू की याच्याशी तुझं दुसरं लग्न लावू?"

"एक तुरा ठेवते बाजूला."

"एक ठेव, दोन ठेव. मागचा तुरा कपाटात वाळून काळा पडलाय. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, सुनेचं माहेर."

एवढं बोलून म्हातारीने तोच तुरा उचलला, डोळ्यासमोर धरला आणि हळूच तिरका करून पाहिला. मी बघतोय हे कळताच खाली ठेवला.

एकदा कोणी शाळेतले विज्ञानाचे शिक्षक ओट्यासाठी फरशी निवडायला आले. वही बाकावर होती. त्यांनी चाळली, चष्मा काढला, पुन्हा चाळली. "बाई, हे तुम्ही कुठं शिकलात? याला फ्रॅक्टल म्हणतात."

"म्हणू देत," ती म्हणाली. "प्रकार किती सांगितलेत त्यांनी?"

शिक्षकांना ते सांगता आलं नाही. पण निसर्गात हे कायम चालत नाही, कुठेतरी संपतं, एवढं त्यांनी सांगितलं. "संपतंच," ताई म्हणाली, "फ्लॉवर चौथ्यानंतर संपतो." ते गृहस्थ फरशी न निवडता दीड तास बसले.

आता मुद्द्यावर येतो.

पॉलिशवाल्यांची बोटं चाळिशीत जातात. पाण्याने कातडी चिरते, थरथरणाऱ्या मशीनने सांधे धरतात. तिची सदतिसाव्या वर्षीच जायला लागली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून एक वर्ष पाण्यात घातलंस तर मूठ मिटणार नाही. मूठ मिटली नाही तर काम नाही, आणि घर तिच्याच पगारावर चालायचं. नवऱ्याच्या कमाईतला निम्मा भाग ट्रकच खायचा. कारखान्यात पाण्याबाहेरचं, बरं पैशांचं काम एकच होतं. पारखीचं.

पारखी म्हणजे तयार फरशी पास किंवा बाद करणारा. आमचे पारखीमामा तीस वर्षं ते करत होते. त्यांची रीत साधी. फरशीवर पाणी मारायचं, फडक्याने पुसायचं, आणि थांबायचं. नुसती रंगाची रेघ असेल तर लगेच वाळते. तडा असेल तर आत पाणी राहतं आणि रेघ ओली, काळी दिसते. ओली राहिली की बाद. मामांचं पाणी कधी चुकलं नव्हतं. पण त्या वर्षी दोन महिन्यांत त्यांनी पास केलेल्या तीन फरश्या बसवताना मधोमध फुटल्या. एका गवंड्याचा पाय थोडक्यात वाचला. मामा कोणाशी बोलेनात. एक दिवस त्यांनी खडू मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डोळे गेले माझे. दुसरा बघा."

दोघं पुढे आले. एक पॉलिशचा मुकादम, वीस वर्षांचा अनुभव, स्वभावाने थट्टेखोर. दुसरी भिंगाताई.

"ताई," मुकादम म्हणाला, "इथे फ्लॉवर नाही पारखायचा."

"मुकादम, तुम्ही फ्लॉवर तरी ओळखता का? परवा कोबी घेऊन गेलात."

सगळे हसले, मुकादमही हसला. पण तिचे हात मी बघत होतो. तिने ते मागे धरले होते.

मालकीणबाईंनी वडिलांच्या मागे कारखाना चालवला होता. त्या कमी बोलायच्या. त्यांनी परीक्षा ठेवली. चार फूट बाय दोन फुटांच्या बारा फरश्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. प्रत्येकीवर कुठली ना कुठली रेघ. दोघांनी आपापल्या रंगाच्या खडूने 'पास' किंवा 'बाद' लिहायचं. मुकादमाला पांढरा, ताईला निळा. जेवणानंतर प्रत्येक फरशी दोन लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवायची आणि मधोमध पंचवीस किलोच्या वाळूच्या सहा गोण्या. पाच मिनिटं टिकली तर चांगली.

"बारापैकी बारा बरोबर पाहिजेत," मालकीणबाई म्हणाल्या. "अकरा आली तर तो पारखी नाही, नशीबवान. कोणाचीच आली नाहीत तर मी बाहेरचा माणूस आणते. बारा फरश्या फुटल्या तरी चालतील, पारखी फुटका नको."

सकाळी दहाला सुरुवात झाली. मुकादमाने मामांची रीत लावली: पाणी, फडकं, वाट बघणं, शिवाय हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकणं. मन लावून केलं त्याने, उगाच नाव ठेवणार नाही. ताईने पाणी घेतलंच नाही. भिंग आणि काडेपेटीचं टरफल. एका फरशीला तिने सतरा मिनिटं दिली.

तिचं गणित मला माहीत होतं. तिने ते मला एकदा हौदाच्या काठावर बोटाने काढून दाखवलं होतं. "फाटा कसा फुटतो? बेचकीसारखा. एकाचे दोन, आणि पुढे जाताना बारीक. तडा कसा मिळतो? हातोडीसारखा. नवा तडा जुन्यावर सरळ जाऊन आपटतो आणि तिथंच थांबतो. दगडात रंग झिरपतो तो बेचकीने. दगड फुटतो तो हातोडीने." बेचकी असेल तर नुसता रंग, फरशी पास. हातोडी असेल तर तडा, फरशी बाद. पाण्याची गरज काय?

साडेबाराचा भोंगा झाला तेव्हा मुकादमाच्या तीन बाद होत्या: दुसरी, सातवी, नववी. तिच्याही तीन: दुसरी, चौथी, सातवी. बारावी दोघांच्या मते पास. बारावी देखणी होती. राखाडी दगड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसाएवढी सरळ रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना काळी इवली झाडं. खोड, फांदी, फांदीला फांदी. बोटाएवढ्या उंचीची, आणि प्रत्येक बेचकी नीट. सगळ्यांनी ती फरशी वाकून पाहिली.

आम्ही डबे घेऊन आवारात बसलो. तिने दोन घास खाल्ले असतील. समोर सिमेंटची जमीन, उन्हात तापलेली. मी उगाच काहीतरी बोललो, गवत फार माजलंय म्हणून.

"कुठे?" ती म्हणाली.

"हे काय, समोर."

आवारातल्या सिमेंटवर एका सरळ ओळीत गवत उगवलं होतं. दोन्ही अंगांना झुपके. बाकी सगळी जमीन कोरडी ठणठणीत. ती बघत राहिली. मग तिच्या मांडीवरचा डबा खाली गेला.

"दादा, गवत ओळीत का उगवतं?"

"तिथं सिमेंटला भेग आहे. पाणी मुरतं."

"आणि झाडं? झाडं ओळीत का उगवली?"

मला समजायच्या आत ती उठून पळत सुटली. पॉलिशवाली पळत नाही. ओल्या रबरी बुटांनी पळता येत नाही. ती पळाली. मी मागून. एकला पाच मिनिटं कमी होती. धापा टाकत तिने बारावीवरचा निळा 'पास' तळहाताने पुसला आणि 'बाद' लिहिलं.

"ओ ताई!" मुकादम ओरडला. "हे काय चाललंय? खडू ठेवला होता तुम्ही!"

मालकीणबाई आल्या. "का बदललंस?"

"बाई, मी एकेक झाड बघितलं. प्रत्येक झाड बेचकीचं, म्हणून पास लिहिलं. चुकलं माझं. सगळी झाडं मिळून बघायला पाहिजे होती. ती रेघेवर उभी आहेत. रंग आला तो त्या रेघेतून आला. झाडं खरी आहेत, पण रेघ भेग आहे."

"रेघ वाळली की लगेच," मुकादम म्हणाला. "मी दोनदा पाणी मारलं. ठोकली. घणघणीत आवाज आहे."

"माहीत नाही मला का वाळली. पण भेग आहे."

मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "सुट्टी संपलेली नाही. बदलू दे. आता मात्र खडू माझ्याकडे."

एकला सुरू झालं. पहिली टिकली. दुसरी तिसऱ्या गोणीला फुटली, दोघांचंही बरोबर. तिसरी टिकली. चौथी मुकादमाच्या हिशेबी पास, ताईच्या हिशेबी बाद. पाचव्या गोणीला असा आवाज झाला की दोघंजण मागे उडाले. मुकादमाने तुकडे पाहिले आणि टोपी काढून बाकावर ठेवली. "संपलो मी. आता बघायला मोकळा." खरंच तो त्यानंतर सगळ्यांच्या पुढे उभा राहून बघू लागला. सातवी फुटली. नववी त्याने बाद केली होती, ती पाच मिनिटं टिकली. ताईची अकरा झाली. अकराच्या अकरा बरोबर. कारखान्यातली सगळी मशीन्स तोपर्यंत बंद झाली होती. कोणी बंद करा म्हटलं नव्हतं.

बारावी. मी आणि मुकादमाने उचलून पट्ट्यांवर ठेवली. एक गोणी. दोन. तीन. ताई भिंतीला टेकून उभी. चार. पाच. सहा. मालकीणबाईंनी घड्याळ हातात धरलं. एक मिनिट. दोन. तीन. फरशी ढिम्म. चार. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. पाच.

"टिकली," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज पडला होता.

ताई पुढे आली. फरशीभोवती एक फेरी मारली, वाकून रेघ पाहिली, मग पट्ट्या पाहिल्या.

"बाई, ही फिरवा."

"काय?"

"पट्ट्या आखूड बाजूंना आहेत. रेघ लांबीने जाते. भार रेघेवर पडतच नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंचा दगड तो पेलतोय. पट्ट्या लांब बाजूंना लावा."

"आता पुरे झालं हं ताई," मुकादम म्हणाला. "अकरा फरश्यांना एक न्याय, बारावीला दुसरा?"

"आधीच्या अकरांच्या रेघा आडव्या होत्या."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "करवतवाले, तुम्ही पाडल्यात या. हे खरं आहे?"

मी थोडा विचार केला. घाईत बोलायचं नव्हतं. तिच्या बाजूने बोलायचं नव्हतं आणि विरुद्धही नव्हतं. "खरं आहे," मी म्हणालो. "बारावीचा ठोकळा लांब होता, करवतीच्या पाट्यावर मावेना. तेवढाच मी फिरवून लावला. म्हणून तिची रेघ उभी आली. बाकीच्या सगळ्या आडव्या आहेत, मोजून घ्या."

मालकीणबाई तुकड्यांपाशी गेल्या, उरलेल्या फरश्यांपाशी गेल्या. मोजून घेतलं. परत आल्या. "फिरवा."

सहा गोण्या उतरवल्या. दीडशे किलो. फरशी उचलली, साठ किलो. पट्ट्या फिरवल्या. हात घामाने निसटत होते, पाच मिनिटं लागली. पहिली गोणी मी ठेवली. काही नाही. दुसरी मुकादमाने उचलली, फरशीवर टेकवली, अजून हातातून सोडलीही नव्हती.

कडाक्!

फरशी रेघेवरून दुभंगली. चार फुटांची सरळ फोड, सुरीने कापल्यासारखी. गोणी मुकादमाच्या हातात लटकत राहिली.

ओरडाआरडा सुरू झाला. मीही ओरडलो, काय, ते आठवत नाही. पण ताई ओरडली नाही. ती गुडघ्यांवर बसली होती आणि फुटलेली कड उजेडाकडे धरत होती. "या! सगळे या! हे बघा!"

आम्ही वाकलो. सव्वा इंच रुंदीची, चार फूट लांबीची ती आतली बाजू आजवर कोणीच पाहिली नव्हती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या झाडांनी भरलेली होती. झाडावर झाड नव्हतं. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी जागा सोडली होती. दुसऱ्या अर्ध्यावर तेच रान, उलटं. तिने भिंग फिरवलं. प्रत्येकाला बघायचं होतं. रांग लागली.

"ताई," मुकादम डोळा भिंगाला लावून म्हणाला, "अहो, एवढं जंगल होतं आत आणि मी ठोकत बसलो दारावर!"

पारखीमामा मागे एकटेच उभे होते. ते पुढे आले, खाली बसले, आणि फुटलेल्या कडेवरून अंगठ्याचं नख ओढलं. नखाखाली काहीतरी पिवळट आलं. त्यांनी ते हुंगलं, बोटांत चोळलं.

"मेण," ते म्हणाले. "मेणात दगडाची पूड. खाणीवरच भरून पाठवतात." मग चौथीच्या तुकड्यावर नख ओढलं. तिथंही मेण. "पाणी आत जाणार कुठून? माझं पाणी चुकलं नव्हतं गं. आणि डोळेही गेले नव्हते."

"नव्हतेच गेले, मामा."

मालकीणबाईंनी निळा खडू तिच्या हातात दिला. तिने तो घेताना बोटं पूर्ण मिटत नव्हती. खडू तिने तळहातात धरला. मुकादम म्हणाला, "आता आम्हाला बाद करू नका म्हणजे झालं." त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी खाणीचा पुरवठादार बदलला.

दुसऱ्या सोमवारपासून ती कोरड्यात काम करू लागली. सहा महिन्यांत बोटांची कातडी भरून आली. मूठ पूर्ण मिटायला वर्ष लागलं. दोन वर्षांत तिने चाळीस हजारांवर फरश्या तपासल्या, आणि बसवताना एकही फुटली नाही. वहीत सहावा प्रकार आला नाही. पण तडे आणि फाटे यांच्यामध्ये तिने एक नवीन पान चिकटवलं होतं, 'एकाच्या अंगावर दुसरा' म्हणून. ते पान लवकरच भरलं.

पारखीचा पगार बरा असतो. घर सुधारेल, असं गल्लीला वाटलं. टीव्ही येईल, असं सासूबाईंना वाटलं. तिसऱ्या वर्षी तिने विमानाची तिकिटं काढली. दोन माणसांची, जाण्यायेण्याची, तासाभराच्या प्रवासाची. त्या गावात त्यांचं कोणी नव्हतं आणि काही कामही नव्हतं. वाटेत एक नदी समुद्राला मिळते, एवढंच.

"आयुष्यभर नाक टेकवून बघितलं, दादा," ती मला म्हणाली. "एकदा लांबून बघते."

सासूबाई आधी म्हणाल्या, "मला जमिनीवरच मरू दे." मग म्हणाल्या, "एवढे पैसे घातलेत तर वाया नको." विमानात खिडकीची जागा एकच मिळाली होती. म्हातारी आधी चढली आणि तिथे बसली. सून म्हणाली, "जरा सरका." म्हातारी म्हणाली, "मला मळमळतंय." अर्ध्या तासाने ती काचेला कपाळ लावून इतक्या मोठ्याने ओरडली की पुढच्या रांगेतली माणसं वळली.

"अगं, ही तर आडवी पडलीय! झाडच आहे गं अख्खं! आणि बारीक होत जातेय, बघ, बेचकी, बेचकीला बेचकी... पाच, सहा... थांब, मोजू दे मला!"

"अहो, मला बघू द्या ना!"

"येताना बघ."

हे मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, आणि आकडा दोघींचा जुळत नाही. म्हातारी सात म्हणते. सून सहा. दोघींचं एवढं मात्र जमतं, की जाताना खिडकी सासूबाईंची होती आणि येताना तिची.